लाकडी पाइप पहिल्यांदा गळतोच

कार्डिफच्या आमच्या मराठी मंडळात बहुतेक घरं डॉक्टरांची. चार माणसं जमली की हॉस्पिटलचे किस्से निघतात. ते ऐकून ऐकून अपेंडिक्स कुठल्या बाजूला असतं, हे मलाही पाठ झालंय. माझ्याकडेही किस्से आहेत, पण लाकडाचे. वर्कशॉपमधला भुसा कितीही झाडा, संध्याकाळी पुन्हा पायाशी असतोच. माझे किस्से तसेच साठलेत. मंडळात मी सुरुवात केली की कोणीतरी हमखास "जेवायला घ्या" म्हणतं. इथे कोणी जेवायला वाढणारं नाही, तेव्हा सांगूनच टाकते.

*

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ही वर्षं. नवऱ्याला, म्हणजे अनिरुद्धला, कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि मी पुण्याची इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन त्याच्या मागोमाग आले. वर्षभराने मलाही नोकरी मिळाली. मंडळाच्या दिवाळीला एका ज्येष्ठ सर्जननी विचारलं, "मग, तुम्ही काय करता?"

"लाकडी पाण्याचे पाइप."

"अरे वा. हॉबी म्हणून?"

"अहो, नोकरी म्हणून."

मग सगळं समजावून सांगावं लागलं. लांब, अरुंद फळ्या एकीला एक लावून गोल करायच्या आणि बाहेरून लोखंडी पट्टे घालून नटाने आवळायच्या. माणूस आत वाकून चालेल एवढा मोठा पाइप होतो. खिळा नाही, गोंद नाही.

"मग गळत नाही का?"

"गळतो."

"मग?"

"मग थांबतो."

लाकूड पाणी पिऊन फुगतं, पट्टे त्याला बाहेर जाऊ देत नाहीत, मग फळी फळीला घट्ट भिडते आणि फट मिटते, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात सर्जन म्हणाले, "चला, जेवायला घ्या."

*

ही नोकरी मिळाली त्याचाही किस्सा आहे. वर्कशॉप शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. मालक ग्विन, साठीचा वेल्श माणूस, बोलायला कंजूष. (बोलणं सगळं इंग्रजीत व्हायचं, मी मराठीत सांगतेय.) त्याने माझ्या हातात दोन फळ्या दिल्या आणि म्हणाला, "जोड."

मी म्हटलं, "गोंद कुठाय?"

तो म्हणाला, "गोंद मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात मिळतो. दार तिकडे."

दुसरी कोणी असती तर पर्स उचलून निघाली असती. मी स्टूल ओढून बसले. "बाहेर पाऊस आहे," म्हटलं, "तो थांबेपर्यंत तुम्ही गोंदाशिवाय कसं जोडता ते दाखवा."

वेल्समधला पाऊस काही थांबत नाही. मी आठ वर्षं तिथेच राहिले.

*

वर्कशॉपमध्ये तिसरी होती नेरिस. ती लॉरी चालवायची, पट्टे चढवायची आणि दिवसभर खणखणीत आवाजात गायची. पहिल्याच आठवड्यात मी एक पट्टा जीव खाऊन आवळला. नेरिस धावत आली आणि तिने माझ्या हातातून पाना काढून घेतला. कोरडं लाकूड असं करकचून आवळलं तर पाणी पिऊन फुगायला त्याला जागाच उरत नाही. मग एक तर फळी चेपते, नाहीतर पट्टा तुटतो.

मी म्हटलं, "कळलं. आमच्याकडे मुलांचे युनिफॉर्म असेच शिवतात. वाढत्या अंगाचे."

तिला ते फार आवडलं. तिने माझ्याकडून तो मराठी शब्द चार वेळा म्हणवून घेतला. तेव्हापासून साइटवर कोणी नट जास्त फिरवला की पलीकडून ओरडा यायचा, "वाडत्या आंगाचा!" वेल्सच्या त्या दरीत दोन कामगार आजही तो शब्द वापरतात. त्यांना वाटतं ते वेल्श आहे, म्हणजे वेल्श न येणाऱ्यांना वाटतं.

*

आता मुख्य कामाकडे येते. दरीत वर एक जुनी लोकरीची गिरणी होती. तिच्या ट्रस्टला डोंगरावरच्या तळ्यातून गिरणीपर्यंत पाणी आणून वीज करायची होती. पूर्वी तिथे लाकडीच पाइप होता, म्हणून नवाही लाकडी, असं ठरलं आणि काम आम्हाला मिळालं. आमच्याकडे तेव्हा तेवढी एकच ऑर्डर होती. ती गेली तर वर्कशॉपला कुलूप, हे ग्विनने न बोलता सांगितलं होतं. आणि ते काम त्याने माझ्यावर सोपवलं होतं.

ट्रस्टने देखरेखीला ब्रिस्टलहून एक इंजिनिअर नेमले, मिस्टर पार्कर. पहिल्या दिवशी ते माझ्याशी हात मिळवून माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागले. "इथे इन्चार्ज कोण?"

ग्विनने पाना माझ्याकडे रोखला.

पार्कर माझ्याकडे बघून हसले, जसं लहान मुलाच्या वाढदिवसाला हसतात. म्हणाले, "सीलंट किती मागवलंय?"

"अजिबात नाही."

"आय सी," म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या अधिकारात फटी बुजवायच्या सीलंटच्या नळ्यांचं एक मोठं खोकं पाठवून दिलं. नेरिसने ते उघडून पाहिलं, वर छताकडे पाहिलं. आमच्या वर्कशॉपचं छप्पर चार ठिकाणी गळायचं.

महिन्याभराने पार्करांचा फोन. "सीलंट कसं आहे?"

"उत्तम," मी म्हटलं. "गळती पूर्ण थांबली."

"मी म्हणालो नव्हतो?"

"म्हणाला होतात. आता पाऊस आला तरी आत टेबल हलवावं लागत नाही."

*

पाइपमध्ये पहिलं पाणी सोडलं त्या दिवशी माझे सासरे साइटवर होते. दादा मूळचे रत्नागिरीकडचे, शाळेचे निवृत्त हेडमास्तर, उन्हाळ्यात आमच्याकडे आलेले. उन्हाळा फक्त कॅलेंडरवर, म्हणून माकडटोपी घालून घडीच्या खुर्चीत बसलेले.

वर तळ्यापाशी ग्विनने व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. पाणी खाली यायला लागलं आणि जिथून तिथून बाहेरही यायला लागलं. प्रत्येक फटीतून पिचकारी. नेरिस वरच्या तोंडातून पोत्याने बारीक भुसा सोडत होती. तो पाण्याबरोबर फटीत जाऊन बसतो आणि लाकूड फुगेपर्यंत तेवढीच मदत होते. पार्कर तेव्हा पाइपच्या अगदी जवळ उभे होते. त्यांचा सूट करड्या रंगाचा होता, तो काळा झाला.

"माझ्या पाण्यात तुम्ही कचरा टाकताय?" पार्कर म्हणाले. "ही चाळण आहे, पाइप नाही. मी ट्रस्टला सांगतो. पुढच्या गुरुवारी प्लॅस्टिकचे पाइप येतील आणि हे सगळं कापून निघेल."

दादांनी विचारलं, "काय म्हणतोय हा?" मी सांगितलं.

दादा खुर्चीतून उठले. शाळेतल्यासारखे हात मागे बांधले. शुद्ध मराठीत पार्करांना म्हणाले, "आमच्याकडे पावसाळाभर होडी वर ओढून ठेवतात. पुन्हा पाण्यात लोटली की पहिल्या दिवशी आत घोटाभर पाणी. म्हणून कोणी ती फोडून सरपण करतो काय?"

पार्करांनी मला विचारलं, "हे काय म्हणतायत?"

मी म्हटलं, "गुरुवारपर्यंत थांबा म्हणतायत."

दादा म्हणाले, "एवढं लहान नव्हतं गं ते."

*

मग तो आठवडा. पार्करांचा रोज फोन. "थांबलं?"

"कमी झालंय."

शनिवारी त्यांचा नवा हुकूम आला. म्हणे, व्हॉल्व्ह बंद करा, पाइप रिकामा करा, चांगला वाळू द्या, म्हणजे गळायचा थांबेल.

मला तेव्हा खरंच संताप आला. वाळवला की फुगलेलं लाकूड आकसणार, मिटलेली फट उघडणार आणि गुरुवारी पाणी सोडलं की तो पुन्हा पिचकाऱ्या मारणार. भिजलेला पाइप भिजलेलाच ठेवायचा, हा या धंद्यातला पहिला धडा. मी हे फोनवर तीनदा सांगितलं. पार्कर म्हणाले, "मी उद्या माझा माणूस पाठवून बंद करवतो."

मी वर गेले आणि व्हॉल्व्हचं लोखंडी चाक पान्याने सोडवून काढलं. डब्याच्या पिशवीत घातलं आणि घरी आणलं. चाकाशिवाय तो व्हॉल्व्ह बंद करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

अनिरुद्ध ड्यूटीवरून आला तर जेवणाच्या टेबलावर, आमटीच्या शेजारी ते चाक.

"हे काय?"

"माझी नोकरी."

त्याने ते उचलून पाहिलं, जड होतं. मंडळातले लोक त्याला सुचवत होतेच की बायकोला सांग, प्लॅस्टिक लाव आणि मोकळी हो. मला वाटलं आता हाही तेच म्हणणार. त्याने चाक खाली ठेवलं, ताट ओढलं आणि म्हणाला, "गुरुवारपर्यंत कपाटात ठेव. पाहुणे आले तर विचारतील."

*

बुधवारी संध्याकाळी पाइप बराच मिटला होता, पण वरच्या वळणावर अजून धार होती. बारीक, पण धार. नेरिस त्या दिवशी गायली नाही.

गुरुवारी सकाळी लॉरी आमच्याही आधी पोचली होती. त्यावर निळे प्लॅस्टिकचे पाइप आणि पुढे करवती घेऊन बसलेले दोघं. ड्रायव्हर न्यूपोर्टचा, हा धिप्पाड. खाली उतरला, एक मोठी पत्र्याची किटली काढली आणि आम्हाला म्हणाला, "पाणी कुठे आहे? चहा टाकतो."

नेरिस म्हणाली, "नळ नाही इथे."

"नळ कशाला? साहेबांनी फोनवर सांगितलंय, पाणी आणू नकोस, पाइपखाली कुठेही धर, भरते."

वर जाऊन बघायची हिंमत सकाळपासून आमच्यापैकी कोणाला झाली नव्हती. शेवटी ग्विन म्हणाला, "जा. पाइप थेट तळ्यापर्यंत आहे."

तो पाइपच्या कडेकडेने किटली हलवत डोंगर चढायला लागला आणि झाडांआड गेला.

मग पार्कर आले. बरोबर ट्रस्टच्या अध्यक्षबाई, नवे कोरे गमबूट घालून. पार्करांनी माझ्यापुढे हात केला. "चाक द्या."

"नाही."

"तुम्ही ट्रस्टच्या मालमत्तेचा भाग घरी घेऊन गेला आहात."

"हो. व्हॉल्व्ह बंद केला असतात तर पाइप मेला असता."

"तुमच्या मालकांनी तुम्हाला आजच काढून टाकावं, असं मी सुचवेन."

ग्विन म्हणाला, "सुचवा." वर्षभरात तो पार्करांशी थेट बोललेला तेवढा एकच शब्द.

मी म्हटलं, "चाक गाडीत आहे, गाडीची किल्ली माझ्याकडे आहे. पाइप भरलेला राहील."

"ठीक आहे. भरलेलाच कापू," पार्कर म्हणाले आणि करवतवाल्यांकडे वळले. "जिथे सगळ्यात जास्त गळतंय तिथून सुरू करा. शोधायची गरज पडणार नाही."

करवतवाले उठले. अध्यक्षबाई दोन पावलं मागे सरकल्या, अंगावर पाणी येईल म्हणून. तेवढ्यात झाडांमधून ड्रायव्हर खाली येताना दिसला. सावकाश येत होता. अख्खा डोंगर चढून आल्यामुळे धापा टाकत होता, तोंड लाल झालं होतं.

तो आमच्याकडे आलाच नाही. सरळ पार्करांच्या समोर जाऊन उभा राहिला, किटलीचं झाकण काढलं आणि किटली उलटी धरली. एक थेंबही पडला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "घरून पाणी आणू नकोस, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? आता चहाचं काय करायचं?"