मोरपंखीचा न पाहिलेला हिवाळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईलासुद्धा नाही.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. मुरबे गावातल्या आमच्या कोळी घरातली मी कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.साठी मी मोरपंखीचं झाड घेतलं. बोईसरजवळ बेटेगावात एका बागेत अशी पाच झाडं होती. दर पंधरवड्याला जायचं, कोवळे शेंडे कापायचे, पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं — पेशी वाढताहेत की थांबल्यात, त्यांच्यात पिष्ट किती साठलंय. असं वर्षभर. अवघड होतं का?

तरी हिवाळ्यात मी गेलेच नाही. का? कंटाळा — दुसरं काही नाही. वही मात्र भरली. थंड देशांतल्या पुस्तकांत होतं की हिवाळ्यात शेंडे झोपतात. मीही तेच लिहिलं. आकृत्यासुद्धा काढल्या, मनानेच. माझ्या मार्गदर्शक सरांनी वहीचं कौतुक केलं.

उन्हाळ्यात गेले तेव्हा बाग राखणारी जानकीमावशी म्हणाली, "ताई, थंडीत तुमी आलाच नाय. झाडं तवाच तर वाढली. आता गप बसलीत."

पुढच्या हिवाळ्यात मी एकही खेप चुकवली नाही. आणि जानेवारीतल्या एका सकाळी भिंगाखाली दिसलं — शेंड्याच्या टोकाशी पेशी विभागत होत्या, जिकडे बघावं तिकडे. आयोडीन घातलं, तर पिष्टाचा निळा रंग जेमतेम. साठवलेलं सगळं वाढीला लागलं होतं. पुस्तकातला हिवाळा आमच्या किनाऱ्यावरचा नव्हताच. मी एकटीच हसत बसले, कितीतरी वेळ.

मग काय केलं? पहिल्या हिवाळ्याची जुनी पानं फाडली. त्याच तारखा घालून नवी लिहिली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हे आधी कुणाच्या लक्षात आलं?

"माझ्या," मी म्हणाले. "दोन्ही हिवाळे मी पाहिलेत."

आवाज जरासुद्धा कापला नाही. पहिला वर्ग मिळाला, शोधनिबंध छापून आला. झाडं थंडीत वाढतात हे खरंच होतं — पुढे इतरांनीही पाहिलं. त्या दिवसाचा आनंद मला अजून होतो, हेही लपवत नाही.

निकाल सांगायला बेटेगावला गेले. मावशी आत जाऊन साखर घेऊन आली. बागेतल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवत सांगत सुटली, "आमची ताई झाडांची डॉक्टरीण झाली हाय."

माझ्याही हातावर ठेवली. मी ती खाल्ली.