लोखंडी कपाटातलं पॅराशूट

आमच्या घरी पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी आत्या त्याला दारातच विचारायच्या, "बिडी-काडीपेटी हाय का खिशात? आसंल तर वट्यावर ठिवा. आत पॅराशूट हाय." पाहुणा आधी हसायचा. मग त्यांचा चेहरा बघून खिसा रिकामा करायचा आणि आत जाताना उगाचच पायही हळू टाकायचा.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. पानशेतच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमची वाडी. तिथं जन्मभर शेरडं राखलेली ही बाई. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की पलीकडच्या टेकाडावरची शेळी मान वर करून बघायची. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यांना न पाहिलेल्या माणसाला त्यांच्याविषयी सांगायचं, तर मला पहिल्यांदा ते कपाटच आठवतं.

लग्नाआधीच मी विमानातून उडी मारायला शिकले होते. शाळेत खेळ शिकवायचे आणि सुट्टी लागली की परराज्यातल्या मैदानावर उड्या मारायला जायचे. विलासला, माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, मी हे आधीच सांगितलं होतं. त्यानं घरी काय सांगितलं होतं देव जाणे. लग्नानंतर मी ती पाठीवरची जड बॅग घेऊन आले, तेव्हा आत्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"ह्यात काय?"

"पॅराशूट. विमानातून उडी मारल्यावर उघडतं."

"आन् न्हाई उघाडलं तर?"

"आत दुसरं असतं, राखीव."

"आन् त्येबी न्हाई उघाडलं तर?"

मी उगाच बॅगेचा पट्टा सारखा केला. त्यांनी रागावण्याऐवजी मान हलवली आणि म्हणाल्या, "म्हंजी हे नीट ठिवाया पायजे. कसं ठिवायचं त्ये सांग मला."

मी सांगत गेले. कापड नायलॉनचं, त्याला ऊन चालत नाही, ओल चालत नाही, धूर आणि धग चालत नाही. उंदीर तर नकोच. जमिनीवर ठेवायचं नाही, वर वजन ठेवायचं नाही. खत, रॉकेल, बॅटरीचं पाणी यांच्या आसपासही नको. बॅटरीच्या पाण्यानं तर धागा वरून धड दिसतो आणि आतून मरतो. आमच्या वेल्ह्याच्या पावसात भिंतींनासुद्धा पाझर फुटतो, त्यामुळे ठेवायचं कुठं हाच प्रश्न होता. माळ्यावर चुलीचा धूर जायचा. मागच्या खोलीला शेरडांचा वास. विलासनं भिंतीत दणकट खुंटी ठोकून दिली, तर आत्या त्याच्यावरच खेकसल्या.

"ज्याच्यावर जीव टांगायचा, त्याला खुंटीवर टांगू न्हाई."

घरात एकच लोखंडी कपाट होतं, आत्यांचं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर त्यांची लुगडी पत्र्याच्या ट्रंकेत गेली होती आणि रिकामं कपाट पुसून, चार विटांवर चढवून ठेवलं होतं. मी संकोचले. त्या म्हणाल्या, "लुगडं फाटलं तर ठिगाळ लावता येतं. ह्याला वर आभाळात ठिगाळ कोण लावील?"

तेव्हापासून कपाटाची किल्ली त्यांच्या कनवटीला. पावसाळ्यात उघडीप मिळाली की कपाटाची दारं उघडून वारं द्यायच्या, पण उन्हाची तिरीप पोचायच्या आत खिडकीला गोधडी लावायच्या. पोरीबाळी बघायला यायच्या, त्यांना हात धुऊन आल्यावरही लांबूनच दर्शन. शेजारी राहणारे चुलत सासरे, तात्या, चिडून म्हणायचे, "वहिनी, ह्या पिशवीपायी घरात सोवळं चालू केलं का तुमी?" आत्या म्हणायच्या, "व्हय. आन् लई कडक हाय."

एका हिवाळ्यात आमच्या महिलांच्या संघानं मोठी उडी ठरवली. बारा जणींनी विमानातून पडता पडता हात धरून आभाळात फेर धरायचा. आधी दोनदा तो जुळता जुळता सुटला होता. आत्यांना समजावलं तर म्हणाल्या, "म्हंजी झिम्माच की. फकस्त भुई न्हाई."

निघायच्या दिवशी मी बॅग बाहेर काढून फळीवर ठेवली आणि आत्यांना घेऊन पानशेतला बाजाराला गेले. तेवढ्यात तात्यांच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला माणसं आली. तात्यांची इन्व्हर्टरची बॅटरी अडचणीची झाली, म्हणून त्यांनी ती उचलून आमच्या खोलीत आणून ठेवली, त्याच फळीवर. परत आलो तर बॅगेच्या, मांडीला बांधायच्या पट्ट्यावर ओला डाग होता. आत्यांनी आधी बॅटरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी खाली बसले. त्या पट्ट्यावर उडी मारता येणार नव्हती, एवढं मला कळत होतं. तात्या दारात उभे राहून म्हणाले, "पुसून टाकलं की झालं. एवढ्याशा डागानं काय व्हतंय?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मी मोबाईल काढला आणि संघातल्या बाईंना येत नाही असं कळवायला लागले, तेव्हा आत्यांनी माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला.

"बॅग नासली. तू नासलीस का?"

"आत्या, दुसरी बॅग नाही माझ्याकडे."

"बारा बायका हायेत तिथं. एकीकडं तरी असंल. ऊठ. म्या येती संगं."

पुण्यापलीकडे कधी न गेलेली ही बाई डोक्यावर पदर घेऊन माझ्याबरोबर रेल्वेत बसली. वाटेत त्यांनी मला भाकरी खायला लावली आणि डब्यातल्या कुणालाही बॅगेवर हात टेकू दिला नाही, जरी ती आता बिघडलेली होती.

मैदानावर पॅराशूट तपासणारे गृहस्थ होते. त्यांनी डागाच्या जागी पट्टा दोन्ही हातांनी ताणला. तिथली शिवण उसवत गेली आणि तिच्याबरोबर पट्ट्याचे धागेही भुगा होऊन बोटांना लागले. आत्यांनी तो भुगा आपल्या बोटावर घेऊन पाहिला, पदराला पुसला आणि मला विचारलं, "आता दुसरी कुणाची?"

संघातल्या एका मुलीकडे माझ्या मापाचा जादा संच होता. ती आनंदानं द्यायला तयार झाली. तिला मराठी येत नव्हतं, म्हणून आत्यांनी मला मध्ये घालून तिची चौकशी सुरू केली.

"ईचार तिला, घरी कुठं ठिवती?"

"कपाटात, पिशवीत घालून," मी सांगितलं.

"उंदीर?"

"नाहीत म्हणते."

"कपाटात आनखी काय असतं?"

"काही नाही. फक्त हेच."

आत्यांनी त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "गुणाची हाय. घे हिची." तपासणीसांनीही तो संच सगळा बघून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विमानातून बाहेर पडलो. वाऱ्याचा तो आवाज अंगातून जातो, कानातून नाही. एकेक जण जवळ येत गेली. माझ्या डाव्या हाताला हात मिळाला, मग उजव्या. समोर बघितलं तर फेर पुरा झाला होता. बाराही जणी, मध्ये नुसतं आभाळ आणि तळाशी शेतांचे तुकडे. हेल्मेटच्या आत मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. खूण झाल्यावर सगळ्या पांगलो आणि माझ्या डोक्यावर ती उसनी छत्री फाडकन उघडली, चौकोनी, भरदार, एकही सुरकुती नसलेली.

उतरले तेव्हा आत्या मैदानाभोवतीची दोरी ओलांडून थेट गवतात शिरल्या. सगळ्या जणी माझ्या गळ्यात पडत होत्या. आत्यांनी मात्र आधी ती छत्री मातीवरून उचलायला लावली. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बारा मोजल्या म्या," त्या म्हणाल्या. "बारा उघाडल्या."

आम्ही वाडीला परतलो, तोवर फेराची चित्रफीत मोबाईलवरून आमच्या आधी पोचली होती. एसटी थांबली तिथं अख्खी वाडी उभी होती आणि सगळ्यांच्या पुढे तात्या. त्यांनी बॅटरी घराबाहेर काढली होती, पण त्यांना ते बोलून दाखवता येत नव्हतं. माझ्याकडे त्यांना बघवेना. आत्यांच्या हातातली पिशवी घेत ते हळूच म्हणाले, "वहिनी, पोरगी पडली असती म्हंजी?"

आत्यांनी पदर सारखा केला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "पडलीच की. पडायचं कसं, त्ये शिकलीया ती."