टाक्यावरची ओळ

आमच्या वस्तीच्या वरच्या कड्यात एक लहान लेणं आहे. कार्ल्या-भाज्याला गाड्या भरभरून माणसं येतात, आमच्याकडे फक्त गुरं चढतात. एक खोली, एक दगडी ओटा आणि बाहेर पाण्याचं टाकं. टाक्याच्या वर कोरलेली एक ओळ होती. लहानपणी आम्ही तिला कोंबडीचे पाय म्हणायचो.

लोणावळ्याला कॉलेजात इतिहास घेतला तेव्हा कळलं, ती ब्राह्मी आहे. मोबाईलमधला धूसर फोटो मी बाईंना दाखवला. शेवटचे शब्द त्यांनी वाचले: टाकं दान दिलं. कोणी दिलं ते सुरुवातीला होतं, पण त्यावर शेवाळ होतं. त्या नावासाठी बाई शेवाळ काढून कागदावर अक्षरांचा ठसा घ्यायला येणार होत्या. मी घरी फोनवर वडिलांना एवढंच सांगितलं, "आबा, रविवारी आमच्या बाई लेणं बघायला येनारेत."

रविवारी बाई, मी आणि आबा वर पोचलो. आतलं शेण काढलेलं, ओट्यावर झेंडूची फुलं. टाक्यावरची भिंत मात्र सपाट, करडी. सिमेंट.

वडील गवंडीकाम करतात. ते हसत सांगत होते, "लय खड्डे पडल्यालं. शेवाळ खरवडलं, कामावरचं उरल्यालं सिमिट बोटानं भरलं. बाईंनी म्हनाया नको, पोरगं कालेजात आन् गाव असलं फुटकं."

"आबा, ती अक्षरं होती!" मी ओरडलो.

त्यांचं हसू तिथंच थांबलं. "मंग सांगायचं न्हाई व्हय? मला समदीच अक्षरं सारकी."

वर्गात मी त्या ओळीबद्दल किती वेळा बोललो होतो. ज्यांच्या मजुरीवर शिकलो, त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं.

वडिलांनी पिशवीतून छिन्नी काढली. "काडतो आत्ताच."

"नको आबा!" बाई पुढे आल्या. "दगड जाईल. तुम्ही बोटानं भरलंत ना? आकार आठवतात?"

वडील उकिडवे बसले. धुळीत त्यांनी अधिकाचं चिन्ह काढलं. बाई हळूच म्हणाल्या, "क." मग एक उभी काठी, तिला वर-खाली आडव्या रेघा. बाईंनी वहीत उतरवलं. तिसऱ्यापाशी बोट थांबलं.

"न्हाई आठवत," ते म्हणाले, आणि उठून भिंतीवर अंगठा फिरवू लागले. कुठे खळगा लागेना. वडिलांचं काम कधीच कच्चं नसतं.