साडभाऊंचा उजवा हात

"दुखण्याचं नाव आयकलं अन् दाजी भेले, म्हून दिवसभर येष्टीत भटकून राह्यले." माझ्या मेहुण्याने आमच्या साडूंबद्दल, म्हणजे साडभाऊंबद्दल, अमरावतीभर पसरवलेली ही हकीकत साफ खोटी आहे. माझ्या साडभाऊंइतका निधड्या छातीचा माणूस वऱ्हाडात दुसरा झाला नाही, आणि हे मी कोणासमोरही सांगेन.

अकोटच्या बाजारात चाळीस वर्षे त्यांनी कापसाची प्रत ठरवली. दोन्ही चिमटींत पुंजका धरून ते तो अलगद ओढत आणि धाग्याची लांबी सांगत. ही खोड बाजारापुरती राहिली नाही. कापूस दिसला की चिमूट निघालीच: पाहुण्यांची उशी, लग्नातला लोड, एकदा तर नवरदेवाच्या कानातला अत्तराचा फाया! "धागा आखूड हाय," असा निकाल त्यांनी भर मांडवात दिला. वधूपिता पांढराफटक पडला.

गेल्या वर्षी अकोल्याच्या डॉक्टरांनी कंपवाताचे निदान सांगितले, तेव्हा शेजारी मी होतो; मेहुणा नव्हता. साडभाऊंनी टेबलावरच्या बरणीतला कापूस उचलून ओढला. उजवा हात थरथरला, धागा तुटला. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. "डॉक्टरसाहेब, कापूस बेकार हाय तुमचा," एवढे बोलून त्यांनी तो हात खिशात घातला. महिनाभर तो बाहेर आला नाही. जेवण डाव्या हाताने, नमस्कार मानेने.

मग त्यांच्या एसटीच्या फेऱ्या सुरू झाल्या. घरात पाय ठरेना. अकोट-अमरावती, अमरावती-अकोट, आणि जागा मागच्या चाकावरची. चांगल्या रस्त्याची गाडी ते मुद्दाम सोडत. कंडक्टर विनवी, "काका, समोर बसा ना, मांगं लय आदळते." "आदळू दे!"

एकदा मी हट्टाने सोबत गेलो. खड्डे लागले आणि साडभाऊंचा हात आपणहून खिशातून बाहेर आला, मांडीवर विसावला. माझ्या हातातले वर्तमानपत्र फडफडत होते. ते खुशीत म्हणाले, "काहून साडभाऊ, तुमाले कोण्या डॉक्टरनं पाह्यलं?" साऱ्या गाडीचे हात थरथरत होते, त्यांचा त्यांतलाच एक.

यालाच लपणे म्हणतात, असे मेहुणा म्हणेल. खुशाल म्हणो. अमरावतीच्या स्टँडवर इंजिन बंद झाले. माझा हात थांबला. त्यांचा थांबला नाही. त्यांनी एकदा खिशाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मी आधी उतरून खाली उभा राहिलो. पायरीवरून त्यांनी आधारासाठी माझ्याकडे हात पुढे केला.

उजवा.