देवाला सोसेल एवढंच

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या महादेवाच्या देवळात एक म्हातारे काका रोज सकाळी पिंडीला खेटून बसलेले असत. पुजारी नव्हते, ट्रस्टीही नव्हते. अभिषेकाला कुणी तांब्या पुढे केला, की ते सदऱ्याची बाही वर सारून त्यात कोपर बुडवायचे, तान्ह्या बाळाच्या अंघोळीआधी बुडवतात तसं. डोळे मिटून क्षणभर थांबायचे. मग "घाला" तरी म्हणायचे, नाहीतर "न्हाय".

उन्हाळ्यात आमच्याकडे टाकीचं पाणी सकाळीच चटका देतं. माझा तांब्या त्यांनी दोनदा परत पाठवला. ऑफिसला उशीर होत होता. मी चिडलोच, "अहो काका, दगड आहे तो!"

त्यांनी घाईघाईनं पिंडीच्या दोन्ही बाजूंना तळवे दाबले, कान असते तर जिथे असते तिथे.

"हळू बोला की! माणूस भाजलं तर वरडतं. ह्यो लई सोशीक हाय, गपच बसंल."

मी माठातलं पाणी आणायला गेलो.

या सोमवारी ते आले नाहीत. पिंड कोरडीच होती. रांगेत मी, एक वकील, पेठेतल्या दोन सुना आणि खुद्द पुजारी, सगळे आपापल्या तांब्यात कोपर बुडवून उभे होतो. "घाला" म्हणायची कुणाचीच छाती होत नव्हती.