कोपराचं माप

कर्जतजवळ घर बांधलं, तेव्हा स्वयंपाकघराच्या मधोमध सागाच्या जाड फळीचा ओटा हवा, हा माझाच हट्ट. नकाशाही मीच काढला होता, उंची छत्तीस इंच. खालापूरहून आलेल्या वयस्कर सुतारानं कागद पाहिला, नीट घडी घालून मला परत दिला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "ताई, हितं उभ्या ऱ्हा नि कणीक मळून दाखवा."

रिकाम्या खोलीत ती हवेतच कणीक मळायला लागली. तिला हसू आवरेना. तो मात्र तिच्या कोपराकडे बघत होता. मग त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. माझ्या मापाच्या चांगली दोन बोटं खाली.

"नकाशात छत्तीस आहे," मी म्हणालो.

"नकाशा कणीक मळतो का, साहेब?"

फळी बसवल्यावर त्यानं डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवला, एका जागी थांबला आणि पुन्हा पॉलिश पेपर घेऊन बसला. चहा देताना बायकोनं विचारलं, "तुमच्या घरी ओटा केवढा आहे हो?"

"आमची खालीच बसते भाकऱ्या थापायला. उठताना भिंत धरते." चहा संपवून त्यानं कोपऱ्यात उरलेल्या फळीकडे पाहिलं. "हा तुकडा नेऊ का?"

"न्या की. उंची किती ठेवणार?"

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली.

"माहीत नाय, ताई. तिला कदी असं उभं करून बघितलंच नाय."