रबराचा भाडेकरू

आमच्या घरमालकांइतका मुक्या जनावरांचा उघड द्वेष करणारा माणूस घणसोली गावातच काय, खाडीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना काका म्हणतो. जिन्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहून ठेवलंय, ‘कुत्रा, मांजर, पोपट, कासव चालनार नाय.’ कासवानं काय केलं, असं मी विचारलं तर म्हणाले, “एकानं आनला होता. दोन वर्षं र्‍हायला, एक दिवस हसला नय.” माझ्या मोबाइलवर माहेरच्या कुत्र्याचा फोटो दिसला तेव्हाही त्यांनी बजावलं, “फोटोत हाय तवर ठीक. बाहेर आला तर रूम खाली.” मांजर दिसलं की त्यांची चप्पल आपोआप पायातून सुटते. आजवर ती एकाही मांजराला लागलेली नाही. समोरच्या किराणावाल्याला मात्र तीनदा लागली आहे.

अशा माणसाच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, वर्षभर एक ॲक्सोलॉटल राहत होता. ॲक्सोलॉटल म्हणजे जन्मभर पाण्यातच राहणारा सॅलमँडर, बेडकाचा शेपटीवाला भाऊबंद. वीतभर लांब, फिकट गुलाबी, चार पाय, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांच्या तुऱ्यांसारखे कल्ले आणि तोंडावर कायमचं हसू. तो ऐरोलीच्या कंपनीत काम करणाऱ्या नांदेडच्या इंजिनीअरचा. काकांनी पहिल्यांदा काचेची टाकी पाहिली तेव्हा त्या पठ्ठ्याने “रबराचा शोपीस आहे” असं ठोकून दिलं, आणि त्या प्राण्यानेही इमानदारीने मिनिटभर पाय हलवला नाही. काका खूश. “रबर चांगला हाय. हसतोय बघ.”

मे महिन्यात इंजिनीअर बहिणीच्या लग्नाला गावी गेला. जाताना एसी चालू ठेवून गेला, कारण या प्राण्याला गार पाणी लागतं. बंद खोलीत एसी घरघरतोय हे ऐकून काकांचा जीव वरखाली झाला. त्यांनी आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं, “रबराला कनाला एसी?” असं म्हणून बटण बंद केलं आणि देशाची वीज वाचवल्याच्या समाधानात खाली आले.

पाचव्या दिवशी नळ गळतो म्हणून ते पुन्हा वर गेले, तर टाकीतल्या रबराला कापूस फुटलेला. कल्ल्यांवर पांढरे पुंजके, पाठीवर रुपयाएवढा डाग. पुसावं म्हणून त्यांनी बाही सारून हात घातला, आणि रबर वळवळलं. काकांची किंकाळी ऐकून मी धावत वर गेले.

“बाय, जिता हाय हा!”

मी इंजिनीअरला फोन लावून झालेलं सांगितलं आणि स्पीकर चालू केला. मागे बँड वाजत होता. “काका, एसी बंद केलात? अहो, गरमीनं बुरशी लागली असंल त्याला! मरंल हो तो!”

आता रूम खाली होणार, असं मला वाटलं. पण काका टाकीकडे बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “दवा काय?”

वाशीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी हा प्राणी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तरी त्यांनी कुणाला तरी विचारून तासाभरात उलट फोन केला. डब्यात पाणी घालून फ्रिजमध्ये ठेवायचा, रोज पाणी बदलायचं आणि दोन वेळा दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात बुडवायचा. मीठ आयोडीनचं नको.

काकी कमरेवर हात ठेवून फ्रिजसमोर उभ्या राहिल्या. “कोलंबी बाहेर काढू का नवरा?” मग त्यांनीच मासळीचा एक खण रिकामा केला. “मसाला लावलेल्या मावर्‍याजवळ ठेवू नका. माजा हात चुकंल.”

मिठाच्या बाबतीत काका कुणाच्या बापाला ऐकणारे नव्हते, कारण त्यांचा स्वतःचा बाप मिठागरात राबलेला. घरात खडे मीठ होतंच. “चमच्यानं मीट मोजतात होय?” म्हणत त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं, आणि तरीही तीन वेळा चमच्यानेच मोजलं. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि दहा मिनिटं उकिडवे बसून राहिले.

चौथ्या दिवशी, असेच बसलेले असताना, ते माझ्याकडे न बघता बोलले. “बापाच्या पायाची कातडी मिटानं खाल्लेली. खारं पानी भेगांत जायचं. रात्री आई तेल चोलायची, तर तो वरडायचा नय, हसायचा. आमाला कललाच नय कदी, किती दुखतंय ते.” मग घड्याळ पाहिलं. “झाली दहा मिंटं. उचल.”

बाराव्या दिवशी पुंजके गेले आणि त्याने गांडुळाचा तुकडा गिळला. “खाल्लाऽऽ!” काका एवढ्याने ओरडले की किराणावाला सवयीने डोकं वाचवत बाहेर आला.

इंजिनीअर लग्न, देवदर्शन सगळं आटोपून परतला तेव्हा काकांनी त्याला जिन्यातच गाठलं. “खोटं बोल्लास. रबर म्हनलास.”

“खरं सांगितलं असतं तर ठेवू दिलं असतं का?”

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. “नय.”

दिवाळीनंतर इंजिनीअरची बदली पुण्याला झाली. “ठेवून जाऊ का तुमच्याकडे?” असं त्याने विचारलं, तर काका केवढे भडकले! पण टेम्पो निघेपर्यंत त्या प्राण्याच्या डब्याचं झाकण त्यांनी चार वेळा तपासलं.

परवा ते माझ्या दारात येऊन उगाच रेंगाळले. “त्या नांदेडवाल्याची खबर काय?” मी व्हिडिओ कॉल लावला. काकांनी त्याची नोकरी विचारली नाही, आईबाप विचारले नाहीत. त्यानेही न बोलता फोन टाकीकडे फिरवला. रबराचा भाडेकरू तळाशी निवांत पसरला होता, कल्ल्यांचे तुरे भरून आलेले. काका कितीतरी वेळ पडद्याला नाक लावून बघत राहिले.

“उठवू का त्याला?” पलीकडून आवाज आला.

“नको रं,” काका हळूच म्हणाले. “बरा झोपलाय.” आणि फोन माझ्या हातात देऊन जिना उतरून गेले.